पंख्याचा पंचम

आमच्या बाहेरच्या खोलीतल्या पंख्याला दोनच अवस्था ठाऊक होत्या, समाधी आणि तांडव. भिंतीवर रेग्युलेटर होता, त्यावर एकापासून पाचापर्यंत आकडेही होते, पण ते शोभेपुरते. रविवारी सकाळी सोसायटीतली मुलं माझ्याकडे विज्ञान शिकायला येतात. पंखा समाधीत असला की ती घामाने भिजून पेंगायला लागत, आणि तांडवात असला की त्यांचे कागद, माझ्या आकृत्या आणि एकदा तर लिटमसची अख्खी पुडी खिडकीबाहेर उडून गेली. वर्गातला निम्मा वेळ मी कशावर काय वजन ठेवायचं याच विवंचनेत असे. आणि रविवारची ही सकाळ सोडली तर माझ्या आठवड्यात सांगण्यासारखं दुसरं काही घडत नाही.

नवा पंखा घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं. पण विकत आणलेल्या वस्तूचं झाकण उघडलं की दुकानदार हात वर करतो, आणि ज्याचं झाकण उघडायचं नाही त्यातून मुलांना शिकवणार काय? म्हणून मी एक डी. सी. मोटर आणली, तिला जुन्या पंख्याची पाती बसवली, वायरमनकडून ती छताच्या हुकाला टांगून घेतली, आणि तिचा वेग कमीजास्त करणारी युक्ती स्वतः तयार करून साबणाच्या डबीत बसवली. साबणाची डबी पाहून बायको म्हणाली, "अहो, निदान नवीन तरी घ्यायची." बाकी तिने काही विचारलं नाही. आमच्या संसाराचा पाया हाच आहे.

आता ती युक्ती सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापासून सुरू होतं. ज्यांना ती माहीत आहे त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलांसारखं "माहितेय, सर" न म्हणता थोडा वेळ गप्प बसावं. पंखा हळू फिरवायचा तर त्याला वीज कमी द्यायची, हे कोणीही सांगेल. पण ती कमी करायची कशी? एक मार्ग असा की कमी करायचीच नाही. पूर्ण द्यायची, लगेच पूर्ण तोडायची, पुन्हा द्यायची, पुन्हा तोडायची, आणि हे सेकंदाला शंभराहून जास्त वेळा करत राहायचं. पंखा जड आणि आळशी. दर वेळी थांबण्याइतकी किंवा धावण्याइतकी सवडच त्याला मिळत नाही, म्हणून तो आपला मधल्या चालीने फिरत राहतो. प्रत्येक फेऱ्यात वीज चालू असण्याचा तुकडा रुंद केला की चाल वाढते, अरुंद केला की मंदावते. इंजिनिअर लोक याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. मी मुलांना म्हणालो, वीज तीच, फक्त तुकडे केलेली.

"म्हणजे आई दर थोड्या वेळाने येऊन अभ्यास कर म्हणते तसं?" एका मुलीने विचारलं.

अगदी तसं. आई पूर्ण जोरात ओरडते, मग पूर्ण गप्प बसते, आणि मूल त्या दोन्हींच्या सरासरीने अभ्यास करतं. आयुष्यभर शिकवून मला इतकं चांगलं उदाहरण सुचलं नव्हतं.

त्या रविवारी पंखा असा फिरला की कागदाची फक्त कडा हलावी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही मनातल्या मनात वाजवल्या. आणि टाळ्या थांबल्यावर दार वाजलं.

दारात वरच्या मजल्यावरच्या बाई होत्या. त्या मुलींना गाणं शिकवतात. बोलणं मोजकं, आवाज कधी चढत नाही. जिन्यात भेटल्या तर नुसत्या मान हलवून पुढे जातात. अशा माणसाने स्वतःहून दार वाजवावं म्हणजे काहीतरी गंभीर असणार.

"सर, तुमचा पंखा सा लावतो," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, वा.

"वा नाही. माझ्या सा-पेक्षा जरासा उतरलेला लावतो. मी पेटीवर सूर देते आणि मुली पंख्याबरोबर जातात. आज सगळा वर्ग उतरलाय, आणि त्यांना वाटतंय मीच चढी आहे."

अशा वेळी सभ्य माणूस माफी मागतो. मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि फळा पुसला.

मी त्यांना समजावून सांगितलं की तुकड्यांची ही वीज कागदावर काढली तर किल्ल्याच्या तटासारखी दिसते, सरळ वर, आडवी, सरळ खाली. निसर्गाला मात्र असे चौकोनी कोपरे जमत नाहीत, त्याला गोलाईच येते. गोल वाट्यांनी चौकोनी डबा भरायचा असेल तर काय करावं लागतं? आधी एक मोठी वाटी, मग उरलेल्या जागेत लहान, मग कोपऱ्यांत आणखी लहान. तसंच इथे. एक मोठी गोल लाट, तिच्या जोडीला दुप्पट वेगाची, तिप्पट वेगाची, चौपट वेगाची, अशा एकाहून एक बारीक लाटा मिळून तो चौकोन उभा राहतो. म्हणजे पंखा एक सूर लावत नाही, सुरांची उतरंड लावतो.

"हो ना," बाई म्हणाल्या. "खालचा खर्ज वरपर्यंत येतच नाही. त्याच्या वरचा सा येतो, त्याच्या वर पंचम आहे, मग पुन्हा सा, आणि मुली गप्प बसल्या की अगदी बारीक गंधारही."

मी खडू खाली ठेवला. मूळ सूर, दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट. मी फळ्यावर जी उतरंड मांडणार होतो तीच बाई ऐकून आल्या होत्या. मला इतका आनंद झाला की त्या तक्रार घेऊन आल्या आहेत हे मी साफ विसरलो.

एखाद्या आवाजात कोणकोणते सूर किती प्रमाणात आहेत, याला त्याचा वर्णपट म्हणतात. तो काढायला प्रयोगशाळेत यंत्र असतं. आमच्याकडे बाटल्या होत्या. रिकाम्या बाटलीतल्या हवेला स्वतःचा एक सूर असतो. तोंडाशी फुंकर घातली की तो वाजतो. पाणी भरलं की तो चढतो. अशी बाटली कानाशी धरली तर बाहेरच्या गोंगाटातून ती फक्त आपला सूर उचलते आणि मोठा करून ऐकवते, बाकीच्यांशी तिला देणंघेणं नाही. खालच्या मजल्यावर दंतवैद्यांचा दवाखाना आहे, तिथून मुलांनी गुळण्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणल्या. बाईंनी एकेक बाटली फुंकून, चमच्याने पाणी वाढवून किंवा काढून, पंख्याच्या एकेका सुरात लावली. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. मुलांनी त्यावर चिठ्ठ्या डकवल्या, आणि आमची प्रयोगशाळा तयार झाली.

मग मी तुकड्याची रुंदी बदलत गेलो आणि मुलं बाटल्या कानाला लावून सांगत गेली. तुकडा फेऱ्याच्या बरोबर निम्मा केला तेव्हा दुसरी बाटली मुकी झाली. चौथीही. एक तृतीयांश केला तर त्या दोघी परत बोलायला लागल्या आणि तिसरी गप्प. एक पंचमांश केला तर पाचवी. तुकडा फेऱ्याचा जितकावा हिस्सा, त्या क्रमांकाचा सूर आणि त्याच्या पटीतले सगळे सूर पार नाहीसे. हे गणिताने मला माहीत होतं, पण गणिताने माहीत असणं आणि गुळण्यांच्या बाटलीतून ऐकू येणं यात फार अंतर आहे. एक मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता, आहे, आहे, आहे, नाही.

बाईंनी निम्मा पसंत केला. दुसरा सूर गेला की त्यांचा प्रश्न सुटला. वर ऐकू येणारा उतरलेला सा तोच होता. तो चढवून पेटीशी जुळवण्याचाही प्रयत्न झाला होता, पण डबी तापली की तो पुन्हा घसरे. "पंचम राहील," मी म्हणालो. "राहू दे," बाई म्हणाल्या, "पंचम कोणाचं वाकडं करत नाही."

खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायला हवी होती. पंखा छान चालला होता, तक्रार मिटली होती. पण मी बाटल्या परत द्यायला दंतवैद्यांकडे गेलो.

दंतवैद्य म्हणजे हसतमुख, गोलमटोल गृहस्थ. लोकांच्या किंकाळ्या ऐकण्यात दिवस गेल्यामुळे त्यांना बाकी कुठलाही आवाज ऐकू येत नसे. त्यांनी सहज विचारलं, एवढ्या बाटल्यांचं केलंत काय? हा प्रश्न शिक्षकाला कधी सहज विचारू नये. मी त्यांना त्यांच्याच खुर्चीवर उभं केलं, तिसरी बाटली छताजवळ धरून कानाला लावायला सांगितली. आधी त्यांना काही ऐकू येईना. मी धीर सोडला नाही. बाटली कानाला, बाटली बाजूला, कानाला, बाजूला. कानाला एकदा कळलं की काय शोधायचं, मग बाटलीची गरज राहत नाही. शिकवण्याचं सगळं सार एवढंच आहे. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा उजळला. "आहे की हो," ते म्हणाले, मला चहा पाजला आणि बाटल्या माझ्याकडेच ठेवायला सांगितल्या.

दोन-तीन दिवसांनी ते वर आले तेव्हा हसतमुख नव्हते. आता त्यांना बाटलीशिवायही पंचम ऐकू येत होता. ड्रिल थांबवलं की पंचम. पेशंटने तोंड उघडलं की, जणू त्याच्या दाढेतून, पंचम. "सर, काल मी एका बाईंना विचारलं, हा आवाज तुम्हाला त्रास देतो का? त्या म्हणाल्या, कुठला आवाज? आणि दुसरीकडे गेल्या. परत आल्या नाहीत."

त्यांना तुकडा एक तृतीयांश हवा होता. वरच्या बाईंना निम्मा. निम्मा केला की पंचम खाली जातो, एक तृतीयांश केला की सा वर जातो. दोन्ही एकदम घालवणारी रुंदी अस्तित्वात नाही. मी दोघांना समोरासमोर बसवून त्याची सिद्धता करून दाखवली. दोघांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि सिद्धता संपल्यावर एकमेकांशी बोलणं बंद केलं.

मग सोसायटीने सल्ले द्यायला घेतले. कोणी म्हणालं, हुकात रबर घाला. घातलं. पंखा सुरात तर राहिलाच, वर डोलायलाही लागला. कोणी म्हणालं, तेल घाला. तेल मुलांच्या डोक्यावर पडलं, आणि त्यांच्या आयांनी कौतुक केलं नाही. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी, ज्यांचा या प्रकरणाशी कुठलाही संबंध नव्हता, मला रस्त्यात अडवून सांगितलं की त्यांच्या मेव्हण्याच्या फ्रिजलाही असंच झालं होतं आणि त्यांनी फ्रिज विकला.

कामाचा सल्ला एकच होता, तो वायरमनचा. तो म्हणाला, तुकडे इतके भराभर करा की माणसाच्या कानाची मजल तिथवर जाणारच नाही. हे अगदी बरोबर आहे. पुस्तकातही हेच लिहिलेलं असतं. मी तसं केलं. सगळ्या बाटल्या मुक्या झाल्या, बाईंच्या मुली पेटीबरोबर गायला लागल्या, दंतवैद्य पुन्हा हसले. फक्त तळमजल्यावरच्या सेक्रेटरींचा कुत्रा अंगणात येऊन बसला, त्याने मान वर केली आणि पंखा चालू असेपर्यंत तो रडला. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी वरचे सूर ऐकू येतात. हा धडा मी मुलांना दर वर्षी शिकवतो. सेक्रेटरींना शिकवायला गेलो तेव्हा ती वेळ योग्य नव्हती, असं मला आता वाटतं. त्यातच साबणाच्या डबीतून साबणाशी काही संबंध नसलेला वास यायला लागला, म्हणून मी मुकाट्याने जुन्या चालीवर परत आलो.

सेक्रेटरींनी तळमजल्यावर आपल्या घरी सभा बोलावली. त्यांचा ठराव साधा होता. पंखा वर्गासाठी आहे, वर्ग नसेल तर पंखा नको, म्हणून वर्ग बंद. मी म्हणालो, हे म्हणजे पायाला चप्पल लागते म्हणून पाय काढण्यासारखं आहे. सेक्रेटरी म्हणाले, सर, उदाहरणं देऊ नका, मतदान आहे.

आता गंमत अशी की मतदान माझ्या बाजूने होणार होतं. आवाज बाईंना, दंतवैद्यांना आणि कुत्र्याला सोडून कोणालाच ऐकू येत नव्हता. एकामागून एक सभासद उठून सांगत होता की आम्हाला तर काहीच जाणवत नाही, मुलं शिकतायत, शिकू दे. मला फक्त खुर्चीवर बसून राहायचं होतं. पण मागच्या रांगेतून एका आजींनी विचारलं, "पण तो पंचम म्हणजे असतो तरी कसा?"

बाटल्या माझ्या पिशवीत होत्या. का होत्या, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरच्या पिशवीत स्टेथॉस्कोप असतो तशा होत्या. सगळी सभा माझ्या खोलीत आली. रांग जिन्यापर्यंत गेली. मी प्रत्येकाला बाटली दिली, कानाला, बाजूला, कानाला, बाजूला, आणि ऐकू येईपर्यंत कोणालाही सोडलं नाही. आजींना सर्वांत आधी ऐकू आलं. लोक एकमेकांना शिकवू लागले. इतका एकाग्र वर्ग मला शाळेच्या नोकरीतही कधी मिळाला नव्हता. मग सगळे खाली गेले, बसले, क्षणभर शांतता झाली, आणि त्या शांततेत प्रत्येकाला तो ऐकू आला.

ठराव जवळजवळ एकमताने मंजूर झाला. आवाज नाही असं नगरपालिकेच्या ध्वनी विभागाने सांगितलं तरच वर्ग पुन्हा सुरू करायचा, एवढी सवलत आजींच्या आग्रहामुळे मिळाली.

"आज फार छान शिकवलंत," घरी आल्यावर बायको म्हणाली. "म्हणून हरलात."

पुढचे रविवार माझे कसे गेले ते सांगत नाही. सावलीचा धडा अर्धवट राहिला होता. सावली दुपारी आखूड का होते इथवर आम्ही आलो होतो, आणि मुलं मला जिन्यात गाठून पुढचं विचारत. जिन्यात सावली नीट पडत नाही. घरात मी बायकोला कुकरच्या शिट्टीमागचं तत्त्व समजावून सांगायला लागलो, तर ती शिट्टी होईपर्यंत गॅलरीत जाऊन उभी राहिली. ध्वनी विभागात मी तीनदा गेलो. पहिल्यांदा कळलं की तक्रार नसल्याची तक्रार ते घेत नाहीत. दुसऱ्यांदा विचारलं की आवाज यंत्राचा आहे का वाद्याचा, कारण टेबलं वेगळी आहेत. मी खरं ते सांगितलं, यंत्राचा आहे पण सुरात आहे. त्यावर त्यांनी मला दोन्ही टेबलांच्या मधल्या बाकावर बसवलं. तिसऱ्यांदा एका तरुण अधिकाऱ्याला माझी दया आली आणि तो म्हणाला, येतो मी.

तो आला तेव्हा खोलीत सेक्रेटरी होते, दंतवैद्य होते, दाराशी बाई उभ्या होत्या. मुलं जिन्यात एकावर एक बसून ऐकत होती. अधिकाऱ्याने मोजण्याचं यंत्र काढलं, पंखा लावायला सांगितला, खोलीच्या मधोमध धरलं, कोपऱ्यांत धरलं, वर बाईंकडे आणि खाली दवाखान्यात जाऊन धरलं. परत येऊन म्हणाला, "काहीच नाही. रस्त्यावरचा आवाज याच्या कितीतरी वर आहे."

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. जिन्यात कुजबुज उठली. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ओठावर बोट ठेवलं. तशी गरज नव्हती; मी शपथेवर गप्प होतो.

अधिकारी यंत्र पिशवीत घालता घालता हसून म्हणाला, "अहो, असं होतं. कोणीतरी एकजण म्हणतो आवाज येतो, मग सगळ्यांना भास व्हायला लागतात. मुळात पहिल्यांदा कोणाला ऐकू आला?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

"गाणं शिकवता ना? तुम्हा लोकांचं मन जरा हळवं असतं," तो म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. "दुर्लक्ष करायचं. नसलेलं ऐकत बसायचं नाही."

बाईंनी नुसती मान खाली घातली. जिच्या सगळ्या आयुष्याची पुंजी म्हणजे कान, तिला कोणीतरी सांगत होतं की तो कान खोटा आहे, आणि तो खरा आहे हे त्या खोलीत पुराव्यानिशी सांगू शकणारा माणूस मी एकटाच होतो. माझा वर्ग तेव्हा वाचलेला होता. अधिकाऱ्याचा एक पाय दाराबाहेर होता.

"साहेब, जरा थांबा," मी म्हणालो.

बायकोने डोळे मिटून घेतले.

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की तुमचं यंत्र खोटं बोलत नाही, पण ते सगळे सूर एकत्र करून एकच आकडा सांगतं. वर्गात गोंगाट किती आहे हे त्यावरून कळतं, बोलतंय कोण ते कळत नाही. मग तिसरी बाटली त्याच्या हातात दिली. कानाला, बाजूला. त्याला वेळ लागला. मी घाई केली नाही. बाई पुढे आल्या आणि त्यांनी अगदी हलक्या आवाजात तो पंचम गाऊन दाखवला, फक्त एक सूर, आणि थांबल्या. त्या थांबल्या तरी सूर थांबला नाही.

अधिकाऱ्याने बाटली हळूच खाली ठेवली. मग त्याने छताकडे पाहिलं.

"आहे," तो म्हणाला. मग बाईंकडे वळून, "सॉरी हं. तुमचं बरोबर आहे."

बाईंनी मान हलवली, जिन्यात हलवतात तशीच.

"आमच्या ऑफिसातही मशिनं आहेत," तो मला म्हणाला. "आता हे मला तिथेही ऐकू येणार?"

"येणार."

"घालवायचं कसं?"

"ते मी कधी शिकवलेलं नाही," मी म्हणालो, आणि हे अक्षरशः खरं आहे. शिकवता येतं, शिकवलेलं परत घेता येत नाही.

इथेही मी थांबायला हवं होतं. मर्यादेपेक्षा कमी आवाजाला त्याच्या कायद्यात काहीही नाव नव्हतं. तो ऐकू येत असूनही निकाल माझ्याच बाजूने लागला असता. पण त्याने विचारलं की हे तुकडे होतात कुठे, आणि डोळ्यांत खरी जिज्ञासा असलेल्या विद्यार्थ्याला मी नाही म्हणू शकत नाही. मी भिंतीवरची साबणाची डबी उघडली. सगळं दाखवलं. त्यानेही सगळं समजून घेतलं.

"फार छान," तो म्हणाला. "हे तुम्ही घरी बनवलंत?"

"स्वतः," मी म्हणालो. मला आठवतं, मी जरा ताठ उभा राहिलो होतो.

"आणि या खोलीत मुलं बसतात?"

माझ्या मागून बायकोने सोडलेला उसासा कुठल्याही यंत्रावर नोंदला गेला असता.

आवाजाची तक्रार निकालात निघाली. घरगुती बनावटीचं विद्युत उपकरण असलेल्या खोलीत मुलांना एकत्र बसवायचं नाही, हा मात्र दुसऱ्याच खात्याचा नियम निघाला, आणि प्रमाणपत्र मिळेपर्यंत वर्ग बंद असं तो मोठ्या दुःखाने सांगून गेला. ते खातं दुसऱ्या इमारतीत आहे. तिथे विचारतात की उपकरण पंख्यात मोडतं की साबणात.

दुसऱ्या दिवशी बाई खाली आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मुलींचा वर्ग मी संध्याकाळी घेईन. रविवारी सकाळी माझी खोली रिकामी आहे. पंखा बिघडलाय, पण खिडक्या समोरासमोर आहेत." मी आभार मानायला लागलो, तर त्या जिना चढूनही गेल्या होत्या.

त्या रविवारी वर्ग वर भरला. बाईंच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट फरशीवर येतं, आणि सावलीच्या धड्याला याहून चांगला फळा नाही. मुलं पेन्सिली उभ्या धरून सावल्या आखत होती. मी दुपारच्या सावलीपाशी पोचलो, आणि दार वाजलं. सेक्रेटरी होते. चेहरा गोंधळलेला.

"खालून तक्रार आहे, सर."

मी म्हणालो, दंतवैद्यांना सांगा, पंखा बंद आहे.

"दंतवैद्यांची नाही. मधल्या मजल्यावरून आहे."

मधल्या मजल्यावर आम्हीच राहतो. मी मुलांना पाय न आपटता बसायला सांगितलं आणि सेक्रेटरींना म्हणालो की बायकोला सांगा, यापुढे आवाज होणार नाही.

"तसं नाही हो," ते म्हणाले. "त्या म्हणतात, छतातून तुम्ही बोलताय एवढंच कळतं, काय बोलताय ते कळत नाही. सकाळची सावली कुणीकडे पडते इथवर नीट आलं, पुढचं ऐकूच येत नाही म्हणाल्या. जरा मोठ्याने बोला म्हणून निरोप आहे." त्यांनी घाम पुसला. "सर, आवाज कमी पडतोय, अशी तक्रार मी कशात घालू?"

बाईंच्या खोलीच्या मागच्या खिडकीच्या बरोबर खाली आमचं स्वयंपाकघर येतं. मुलांना म्हणालो, उठा, पेन्सिली घ्या. आम्ही सगळे त्या खिडकीपाशी जाऊन बसलो, आणि मी सकाळच्या सावलीपासून पुन्हा सुरुवात केली.